सल्ला : या आठवड्यात टीव्हीवर काय बघायचं?

पत्र थोडक्यात : एका जिल्ह्याच्या गावी नोकरी करणाऱ्या, ४६ वर्षांच्या वाचक लिहितात : "घरात आम्ही चौघं. मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. टीव्ही एकच, हॉलमध्ये. संध्याकाळी सात ते साडेनऊ त्यावर मालिका असतात. मग आम्ही ओटीटी लावतो. दोन ॲपचे पैसे भरतो, पण काय बघायचं ते शोधण्यातच अर्धा-पाऊण तास जातो आणि शेवटी काहीतरी अर्धवट बघून सगळे उठतात. दोनदा ठरवून माहितीपट लावला. एकदा मुलगा मोबाईल घेऊन आत गेला, एकदा नवरा खुर्चीतच झोपला. मध्यंतरी ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी एक ऐतिहासिक मालिका बघताना बापलेकात वाद झाला, की हे खरं की रचलेलं. सगळा वेळ वाया जातोय असं वाटतं. केबल बंद करू का? की दुसरा टीव्ही घेऊन सासूबाईंच्या खोलीत लावू? आणि चांगले माहितीपट, चांगलं नाट्य निवडायचं कसं? या आठवड्यात नेमकं काय बघू?"

ताई,

केबल आणि दुसऱ्या टीव्हीचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. निवड नीट जमली तर त्या दोन्हींची गरज बहुतेक उरणार नाही.

तुमच्या पत्रात मालिकेचा विषय निघाला की पाठोपाठ वाया गेलेला वेळ येतो, आणि माहितीपट म्हटलं की ‘चांगला’. हा हिशेब इतका सरळ नाही. वाहिन्यांवर तासाच्या जागेत बसवलेले कितीतरी माहितीपट असे असतात, की त्यांतला खरा ऐवज पंधरा-वीस मिनिटांचा. ब्रेकच्या आधी ‘पुढे काय सापडणार’ म्हणून ताणायचं, ब्रेकनंतर आधी सांगितलेलंच पुन्हा सांगायचं, आणि मधल्या रिकाम्या जागा धडधडत्या संगीताने भरायच्या. आपल्याकडच्या नियमानुसार वाहिनीला तासाला १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात : १० मिनिटं इतरांच्या, २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. उरलेल्या ४८ मिनिटांतून ही उजळणी वजा करा. तुमच्या मिस्टरांना झोप लागली यात दोष त्यांचाच होता असं नाही.

माहितीपट म्हणजे खरं, हेही धरून चालू नका. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या १९५८च्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन जीव देताना दिसतात. १९८२मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने खोलात जाऊन शोध घेतला. चित्रीकरण झालं होतं अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रच नाही. प्राणी दुसरीकडून विकत आणले होते आणि त्यांना कड्यावरून ढकललं होतं. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात हा समज मात्र अजून जगभर टिकून आहे. सगळीच उदाहरणं इतकी वाईट नसतात. बीबीसीच्या २०११च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मध्ये बर्फाखालच्या गुहेत ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्लं दिसतात, ते दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात टिपलेलं होतं. जंगली अस्वलिणीच्या गुहेत कॅमेरा घालणं आई आणि पिल्लं दोघांनाही धोक्याचं, हे कारण पटतं. पण निवेदनात ते सांगितलं नव्हतं, फक्त संकेतस्थळावर होतं, म्हणून टीका झाली. आणि एक गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा : निसर्गपटांत पानावर पडणारं पाऊल, कोळ्याच्या जाळ्याची बारीक कुरकुर, हे आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत केलेले असतात. लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरून चित्रण चालू असताना ते टिपणं शक्यच नसतं. हे कळल्यावर मूल निसर्गपट वेगळ्याच लक्षाने बघतं.

मग चांगला माहितीपट ओळखायचा कसा? पहिली दहा मिनिटं पुरतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. बोलणाऱ्या माणसाच्या नावाखाली काय लिहिलंय ते वाचा. नुसतं ‘इतिहासतज्ज्ञ’ किंवा ‘संशोधक’ असेल तर सावध व्हा. कुठल्या संस्थेत, कुठल्या विषयावर काम करतात ते लिहिलेलं असेल, किंवा तो माणूस घटनेचा साक्षीदार आहे असं कळत असेल, तर वजन वाढतं. ‘काही जाणकारांच्या मते’ असं निवेदक म्हणाला आणि जाणकार एकही दिसला नाही, तर तिथेच एक खूण करा. जुनी चित्रफीत दाखवताना साल आणि ठिकाण दिलंय का? नटांकडून करवून घेतलेल्या दृश्यावर ‘नाट्यरूपांतर’ अशी पट्टी आहे का? जुनी फीत आणि नवं नाट्यरूपांतर बेमालूम मिसळलेलं असेल तर बघणाऱ्याला फसवायचंच आहे असं समजायला हरकत नाही. निवेदन सतत प्रश्नच विचारत असेल (‘यामागे परग्रहवासी तर नसतील?’) आणि उत्तर द्यायची जबाबदारी टाळत असेल, तर पुढच्या चाळीस मिनिटांतही उत्तर येत नाही.

ओटीटीवर किंवा यूट्यूबवर बघत असाल तर आणखी एक सोय आहे. सुरू करण्याआधी सरळ शेवटी जा आणि श्रेयनामावली बघा. संशोधन कोणी केलं, जुन्या फिती कुठल्या संग्रहातून घेतल्या, पैसे कोणी दिले. एखाद्या कंपनीने स्वतःच्याच धंद्यावर पैसे घालून बनवलेली फिल्म ही लांबलेली जाहिरात असते, मग छायाचित्रण कितीही देखणं असो. याला एक मिनिट लागतं आणि तासभर वाचतो.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे. बापलेक दोघंही बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. खऱ्या घटनेवरच्या मालिकेत काय खरं असतं आणि काय रचलेलं असतं, याची एक ठोकळ विभागणी बहुतेक वेळा लागू पडते. तारखा, ठिकाणं, कोण कुठल्या पदावर होतं, जाहीर भाषणं, न्यायालयाचे निकाल हे सहसा खरं असतं, कारण ते कोणीही तपासू शकतं. बंद खोलीतले संवाद, दोन मोठ्या माणसांची खाजगी भांडणं आणि प्रेम, आणि सोयीचा एक खलनायक, हे लेखकाचं असतं. चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातावरची २०१९ची पाच भागांची ‘चेर्नोबिल’ घ्या. अपघाताची कारणं आणि त्या दिवसांतलं वातावरण तिने फार जबाबदारीने उभं केलंय. पण त्यातली उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ बाई प्रत्यक्षात नव्हतीच. अनेक शास्त्रज्ञांचं काम एका पात्रात गोळा केलंय, आणि मालिकेच्या शेवटी तसं लिहिलंयही. शेवटच्या भागात अपघाताचा तपास करणारे शास्त्रज्ञ व्हॅलेरी लेगासोव्ह अपघाताच्या खटल्यात उभं राहून सगळं सांगतात; खरे लेगासोव्ह त्या खटल्याला हजरच नव्हते. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरच्या ‘रॉकेट बॉईज’मधला भाभांचा प्रतिस्पर्धी मेहदी रझा हाही काल्पनिक. प्रतिस्पर्धी असला की कथा चालते, म्हणून तो आणला जातो. पण मुलाने तो खरा मानून परीक्षेत लिहू नये.

यावर घरात करता येण्यासारखं अगदी साधं काम आहे. पहिल्या भागाच्या सुरुवातीला खुलाशाची पाटी येते, ती तीन-चार सेकंदांत जाते. तिथे थांबवा आणि वाचा. ‘आधारित’ लिहिलंय की ‘प्रेरित’? पात्रं एकत्र केली आहेत का? घटनांचा क्रम बदललाय का? मग बघताना वाद घालायचा नाही. शंका आली की कागदावर एक ओळ लिहायची. भाग संपल्यावर त्यातल्या दोनच शंका निवडून पंधरा मिनिटांत तपासायच्या. सगळ्या तपासायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात कागद बंद पडतो. मुलगा दहावीत आहे, शोधायचं काम त्याच्याकडे द्या. ज्याच्या हातात शोध आहे तो आत उठून जात नाही.

म्हणूनच या आठवड्याच्या निवडीत माझा भर असा आहे, की माहितीपट आणि नाट्य वेगवेगळे शोधण्यापेक्षा एकाच विषयावरची जोडी घ्या. आधी एक, मग दुसरं. काय खरं, काय वाढवलं, काय गाळलं हे आपोआप दिसतं आणि बोलायलाही विषय मिळतो.

जोडी आपल्याच राज्यातली आहे. मालेगावच्या यंत्रमागांच्या गावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी गाजलेल्या चित्रपटांच्या स्थानिक नकला हौसेने, हाताशी असेल त्या सामानातून बनवल्या. त्यांच्यातल्या ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या चित्रीकरणावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा तासाभराचा माहितीपट केला. सुपरमॅन झालेला शफीक हा किरकोळ अंगाचा यंत्रमाग कामगार होता. याच माणसांवर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट आला. २०२४मध्ये महोत्सवात आणि २०२५मध्ये चित्रपटगृहात. तो प्राइम व्हिडिओवर आहे, लांबी दोन तासांहून थोडी जास्त. शनिवारी माहितीपट, रविवारी चित्रपट. उलट क्रमाने बघू नका. आधी चित्रपट पाहिला तर माहितीपटातली खरी माणसं नटांपुढे फिकी वाटतात. आधी खरी माणसं पाहिली तर नटांनी त्यांच्यातलं काय उचललं ते दिसतं. माहितीपट कुठे मिळेल हे आधी दोन दिवस शोधून ठेवा, कारण प्रदर्शनाचे हक्क एका ॲपवरून दुसऱ्यावर जात असतात. ‘जस्टवॉच’ या संकेतस्थळावर देश ‘इंडिया’ निवडून नाव टाकलं, की ते कुठे आहे आणि फुकट आहे की भाड्याने, हे दिसतं.

आठवड्याच्या मध्ये, बुधवारी म्हणा, एक छोटा माहितीपट. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा ‘आय ॲम २०’, १९६७चा, एस. एन. एस. शास्त्री यांचा, सुमारे वीस मिनिटांचा. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या, विशी गाठलेल्या मुलामुलींना देशाबद्दल, नोकरीबद्दल, स्वप्नांबद्दल विचारलंय. फिल्म्स डिव्हिजनच्या यूट्यूब वाहिनीवर तो फुकट बघता येतो. हा मुद्दाम सुचवतो आहे तो तुमच्या सासूबाईंसाठी. पडद्यावरची ती मुलं त्यांच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी. त्या काळी चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनची अशी फिल्म दाखवावीच लागे, त्यामुळे तो कृष्णधवल पडदा आणि तो निवेदनाचा सूर त्यांच्या ओळखीचा असेल. बोलणं बरंचसं इंग्रजीत आहे. मुलाला त्यांच्या शेजारी बसवा आणि मधे मधे थांबवून सांगायला लावा. वीस मिनिटांच्या फिल्मला चाळीस मिनिटं लागली तर उत्तमच. त्या वयात त्यांचं शिक्षण, लग्न, रेशन कसं होतं हा विषय तिथून निघाला, तर त्या घरातल्या सगळ्यात जाणकार प्रेक्षक ठरतील.

तिसरी जागा हप्त्याहप्त्याने बघायच्या गोष्टीसाठी. दोन पर्याय देतो, एक निवडा. श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही २०१४ची दहा भागांची मालिका राज्यसभा टीव्हीने केली होती. ती वाहिनी २०२१मध्ये लोकसभा टीव्हीत मिसळून संसद टीव्ही झाली, आणि मालिका यूट्यूबवर आहे. संविधान सभेतल्या चर्चा नटांनी उभ्या केल्या आहेत, आंबेडकरांच्या भूमिकेत सचिन खेडेकर. तुमच्या घरातल्या वादासाठी ही मालिका नेमकी आहे, कारण संविधान सभेची भाषणं छापील स्वरूपात आणि इंटरनेटवर जशीच्या तशी उपलब्ध आहेत. २५ नोव्हेंबर १९४९चं बाबासाहेबांचं भाषण मालिकेत ऐका आणि मूळ भाषण शेजारी उघडून बघा. कुठे कापलं, कुठे जोडलं ते मुलाला स्वतः सापडेल. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या दोन ओळींमागे केवढं भांडण झालं होतं, हेही.

दुसरा पर्याय बेनेगल यांचीच १९८८ची ‘भारत एक खोज’. एकूण ५३ भाग. घाबरू नका, सगळे बघायचे नाहीत. नेहरूंच्या पुस्तकावर ती बेतलेली आहे, म्हणजे दृष्टी एका माणसाची आहे हे ध्यानात ठेवायचं. अर्धं निवेदन, अर्धं नाट्य अशी तिची बांधणी. प्रसार भारतीच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर ती आहे. शिवाजी महाराजांवरच्या भागांपासून सुरू करा : महाराज नसीरुद्दीन शाह, औरंगजेब ओम पुरी. नंतर महात्मा फुल्यांवरचा भाग, फुले सदाशिव अमरापूरकर. नेपथ्य साधं आहे, कपडे आणि तंबू आजच्या मालिकांपुढे गरीब दिसतील, पण भाषा आणि अभिनय बघण्यासारखा. मुलाला पहिली दहा मिनिटं संथ वाटेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

जुन्या गोष्टी यूट्यूबवर शोधताना एक अडचण हमखास येते. तीच मालिका दहा जणांनी टाकलेली असते. काही चोरीच्या प्रतींत हक्काची तपासणी चुकवण्यासाठी चित्र डावं-उजवं उलटलेलं असतं. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की ओळखा. काहींत आवाज किंचित वेगवान किंवा बारीक केलेला असतो, आणि वयस्कर माणसांना तेच बोलणं कळेनासं होतं. चित्राभोवती रंगीत चौकट टाकलेली असेल तरी तेच. वाहिनीचं नाव बघून अधिकृत प्रत निवडा आणि ती आधीच ‘वॉच लेटर’मध्ये टाका.

गंभीर विषयाला घरात तयारी असेल तर विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा, पत्रकार पी. साईनाथ यांच्या कामाचा मागोवा घेणारा दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा तासाभराहून छोटा माहितीपट पुढच्या एखाद्या आठवड्यासाठी लिहून ठेवा. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) त्याहून मोठा, तीनेक तासांचा. १९९७च्या मुंबईतल्या रमाबाई नगरातल्या पोलिस गोळीबारापासून सुरू झालेलं काम पुरं व्हायला १४ वर्षं लागली. शाहिरी, जलसे, वस्त्यांमधली गाणी यांसाठीसुद्धा तो बघावा. मध्यंतर घेऊन दोन दिवसांत बघा, एका बैठकीत रेटू नका.

नाट्य म्हणजे केवळ मालिका नव्हे, चित्रित केलेलं नाटकही. ते निवडताना चित्रीकरण कसं झालंय ते आधी दोन मिनिटं बघा. प्रेक्षागृहात मागे एकच कॅमेरा ठेवून केलेलं चित्रण घरी टिकत नाही; चेहरे दिसत नाहीत, आवाज घुमतो. तीन-चार कॅमेऱ्यांनी, नटांना वेगळे माइक लावून केलेलं असेल तर तेच नाटक पूर्ण बघवतं. सह्याद्री वाहिनी केबल असो वा डीटीएच, मिळतेच. तिच्या वेळापत्रकावर नजर ठेवा.

आता वेळेची गोष्ट, कारण तुमची खरी गळती तिथे आहे. पाऊण तास शोधण्यात जातो तो आवड नसल्यामुळे नाही, तर थकलेली चार माणसं रात्री साडेनऊला एकत्र निर्णय घ्यायला बसतात म्हणून. निर्णय आणि बघणं वेगळं करा. रविवारी सकाळी चहा झाला की एकाने पंधरा मिनिटं बसायचं. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरचं गाईडचं बटण दाबलं की पुढच्या काही दिवसांचं वेळापत्रक दिसतं. माहितीपटांच्या वाहिन्या आणि सह्याद्री एवढ्याच चाळा, हवा तो कार्यक्रम निवडून रिमाइंडर लावा. कार्यक्रमाच्या नावासोबत भाग क्रमांक आणि साल असेल तर बघा, पुनःप्रक्षेपण असतं ते कळतं. ओटीटीवर निवडलेल्या गोष्टी ‘माय लिस्ट’मध्ये टाका. आठवड्याला तीनच. निवडणारा माणूस दर आठवड्याला बदला, सासूबाईंसकट. ज्याची पाळी त्याचं बाकीच्यांनी वीस मिनिटं तरी मुकाट्याने बघायचं. वीस मिनिटांनंतरही माहितीपटाने पकडलं नाही तर बंद करायला मोकळे; मालिकेला दोन भाग द्या. अर्धवट सोडल्याचा अपराध वाटून घेऊ नका. चौघांनी प्रत्येक गोष्टीला बसलंच पाहिजे अशीही अट घालू नका, तीनपैकी एक एकत्र बघितली तरी पुष्कळ.

सेटिंगमध्ये तीन बदल आजच करून टाका. ॲपमधलं ‘ऑटोप्ले’ बंद करा. पुढचा भाग आपोआप सुरू होणं आणि नुसतं थांबल्यावर झलक वाजायला लागणं, दोन्ही वेगवेगळी बटणं असतात. नेटफ्लिक्सवर ती प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये मिळतात. दुसरं, टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय असतो, कंपनीगणिक नाव वेगळं, पण बहुतेक ठिकाणी ‘मोशन’ हा शब्द असतो. तो चालू असला की सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित झालेला चित्रपटही रोजच्या मालिकेसारखा सपाट दिसतो. तो बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. तिसरं सासूबाईंसाठी : आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर लावा, आणि उपशीर्षकांचा आकार मोठा करून त्यामागे काळी पट्टी ठेवा. माहितीपटांच्या वाहिन्यांवर ऑडिओचं बटण दाबून इंग्रजीची हिंदी करता येते. बऱ्याच घरांत हे बटण कोणी कधी दाबलेलंच नसतं.

मुलगा पंधराचा आहे, म्हणून वयाची खूण बघा. २०२१च्या नियमांपासून ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी वर्गवारी असते आणि सोबत कारण लिहिलेलं असतं : हिंसा, भाषा, नशा, लैंगिक दृश्यं. नुसता आकडा वाचू नका, कारण वाचा. भाषेमुळे १६+ झालेली गोष्ट तुमच्याबरोबर बसून बघता येईल. क्रूर हिंसेमुळे झालेली बहुधा नको. गुन्ह्यांवरचे माहितीपट सध्या फार आहेत, आणि त्यांच्याबाबत माझं मत कडक आहे : मेलेल्या माणसाच्या घरच्यांना बोलतं केलंय की फक्त खुन्याच्या करामती रंगवल्या आहेत, एवढं बघून ठरवा.

सासूबाईंशी बोलताना ‘तुमच्या मालिका बंद’ असं वाक्य येऊ देऊ नका. त्यांना विचारा, यातल्या कुठल्या दोन चुकवायच्याच नाहीत? बऱ्याच घरांत दोन जिवाच्या असतात आणि बाकीच्या टीव्ही चालू आहे म्हणून बघितल्या जातात. त्या दोन्हींच्या वेळेला हात लावू नका. उरलेल्यांचं पुनःप्रक्षेपण दुपारी असतं, शिवाय झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर मिळतात. अर्ध्या तासाच्या भागात कथा वीस-बावीस मिनिटांचीच असते, त्यामुळे दुपारी निवांत बघितलेलं त्यांनाही आवडू शकेल. बुधवारची एक संध्याकाळ आणि रविवारची रात्र एवढंच मागा. रविवारी महाएपिसोड आहे का ते आधी बघून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात खटका उडेल.

दुसरा टीव्ही आत्ता घेऊ नका. तो खोलीत लागला की सासूबाई खोलीतच बसतील, आणि वर सुचवलेल्या निम्म्या गोष्टी त्यांच्याशिवाय फिक्या पडतील. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो, ही अडचण असेल तर आधी कान तपासून घ्या. ब्लूटूथचा हेडफोन हा त्याहून स्वस्त उपाय. केबलही सरसकट तोडू नका. डीटीएचवर वाहिन्या एकेक निवडता येतात, तेव्हा न बघितल्या जाणाऱ्या वाहिन्यांचा गठ्ठा काढून माहितीपटांची एखादी वाहिनी घाला. डीडी फ्री डिश घ्यायचा विचार असेल तर त्याला महिन्याचं भाडं नाही, छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच. पण त्यावरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात, म्हणून सासूबाईंची वाहिनी तिथे आहे का हे बघूनच पाऊल उचला.

महिनाभर हे करून बघा. महिनाअखेरीस दोन ॲपपैकी ज्यावर दोन गोष्टीही पूर्ण बघून झाल्या नसतील, त्याचं आपोआप होणारं नूतनीकरण थांबवा. हवं तेव्हा ते पुन्हा एका महिन्यापुरतं घेता येतं, आणि त्या महिन्यात काय बघायचं याची यादी तुमच्याकडे तोवर तयार असेल.